फौजेतला इलेक्ट्रिशियन कॉम्प्युटर सपोर्टमध्ये कसा येतो?

आज बऱ्याच जवान मित्रांचा एकच प्रश्न घेऊ: फौजेत इलेक्ट्रिशियन होतो, आता कॉम्प्युटरकडे वळता येईल का?

येतं की! मी ईएमईमधून 17 वर्षांनी बाहेर पडलो. वय 36, पोरं शाळेत, आणि जो तो म्हणायचा, "सिक्युरिटीत लाग."

पण फौजेतली बिघाड शोधायची सवय इथेही चालते. आधी सप्लाय, मग एकेक भाग वेगळा करून बघायचा. पीसी चालूच होत नाही? प्लगला 230 व्होल्ट आहेत का? एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्ट देतोय का? मग रॅम काढून परत बसवा. फक्त एसएमपीएस उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

नवीन शिकायचं ते विंडोज, नेटवर्किंग आणि बोलणं. "काय केलंत तुम्ही?" म्हटलं की माणूस गप्प होतो. "शेवटचं नीट कधी चाललं होतं?" विचारा, तो सगळं सांगतो.

नोकरीत असतानाच डीजीआरच्या कोर्सची चौकशी करा. पेन्शनच्या आधारावर सुरुवातीचा कमी पगार झेपतो. तेवढ्यात हात बसवून घ्या.

प्रश्न पाठवा, पुढच्या भागात बोलू!