नरक्याचे लाकूड आणि कॅन्सरचे औषध



मागे एकदा रेडिओवर औषधी वनस्पतींबद्दल बोलताना नरक्याचे नाव ओझरते घेतले होते. त्यानंतर घाटमाथ्याच्या गावांतून बरीच विचारणा झाली. बहुतेकांचा प्रश्न एकच, "साहेब, आमच्या रानात नरक्या आहे, व्यापारी मागतोय, देऊ का?" काहींनी निराळेच विचारले. घरात कॅन्सरचा पेशंट आहे, साल उकळून दिली तर चालेल का? दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण नुसते नाही म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून हे पत्रक.

आधी झाड ओळखून घेऊ. नरक्या हे सह्याद्रीच्या दाट रानातले लहान झाड. महाबळेश्वर, आंबोली या बाजूला ते आढळते. पावसाळ्यात पिवळसर फुलांचे घोस येतात. वास असा की जवळ उभे राहवत नाही, त्यावरूनच हे नाव पडले. याच झाडाला काही ठिकाणी 'अमृता' म्हणतात. नरक आणि अमृत एकाच झाडाच्या वाट्याला कसे आले ते पुढे कळेलच. फळ लहान, पिकल्यावर काळपट जांभळे, आत एकच बी. शास्त्रीय पुस्तकांत पूर्वी मॅपिया फोटिडा असे नाव होते, आता नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात.

या झाडाच्या लाकडात, सालीत आणि मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य असते. त्याचा शोध मात्र आपल्या नरक्यात लागला नाही. तो लागला चीनमधल्या एका झाडात, ज्याला तिकडे 'आनंदाचे झाड' म्हणतात. अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९६६ साली ते द्रव्य वेगळे काढून त्याची रचना सांगितली. यातले वाणी आपल्या खानदेशातले. १९२५ साली नंदुरबारला जन्म, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण, मग अमेरिकेत डॉक्टरेट. कॅन्सरवरचे दुसरे मोठे औषध टॅक्सॉल, तेही याच जोडीने एका झाडाच्या सालीतून काढले, १९७१ साली. वाणी २०२० साली वारले. आपल्याकडे त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पुढची गोष्ट मुंबईची. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. गोविंदाचारी हे भारतीय झाडांतली द्रव्ये तपासत असत. त्यांनी व विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवून दिले की चिनी झाडातले द्रव्य आपल्या नरक्यातही आहे, आणि चांगल्या प्रमाणात आहे. प्रमाण म्हणजे किती? वाळलेल्या लाकडाच्या हजार भागांत साधारण एक ते तीन भाग. शंभर किलो लाकूड दळले तर हाती शे-तीनशे ग्रॅम. झाडाचे वय, जागा, हंगाम यांप्रमाणे त्यातही फरक पडतो, आणि मुळात ते खोडापेक्षा जास्त असते. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण या झाडावर पुढे जी संक्रांत आली ती याच आकड्यामुळे.

आता हे द्रव्य करते काय? आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा पीळदार दोर असतो. पेशी एकीची दोन होताना हा दोर उलगडावा लागतो. चऱ्हाटाचे पदर एका टोकाने सोडवू लागलो की पुढे पीळ घट्ट होत जातो, हे आपण नेहमी पाहतो. पेशीत तो पीळ सैल करायला एक कारागीर असतो. तो दोराचा एक पदर तोडतो, पीळ जाऊ देतो आणि पदर पुन्हा सांधतो. कॅम्प्टोथेसिन नेमके तोडलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि सांधू देत नाही. दोर तुटका राहतो, पेशी मरते. ही करामत १९८५ च्या सुमारास उलगडली. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्यांना फटका जास्त बसतो. पण आतड्याचे अस्तर, केसांची मुळे, हाडातला रक्त तयार करणारा मगज, यांच्या पेशीही भराभर वाढणाऱ्याच. त्यांनाही तो बसतोच.

म्हणून तर पहिला प्रयत्न फसला. १९७० च्या आसपास हे द्रव्य क्षाराच्या रूपात रोग्यांना देऊन पाहिले. जुलाब, मूत्राशयातून रक्त असे त्रास झाले आणि काम थांबवावे लागले. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळेल असे केले तर त्याची ताकद जाते, असा दुहेरी पेच होता. तो सोडवायला वीस-पंचवीस वर्षे गेली. मूळ द्रव्यात फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधे तयार झाली. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली परवानगी मिळाली. पहिले बीजांडकोशाच्या व एका प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर देतात, दुसरे मोठ्या आतड्याच्या. १९६६ ते १९९६, म्हणजे तीस वर्षे. 'झाडात औषध सापडले' अशी बातमी ऐकली की हे तीस वर्षांचे अंतर आठवावे.

आपल्या पुण्यातही असे काम चालते. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासूनची, आघारकर संशोधन संस्थेचे मूळ १९४६ चे. वनस्पती सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ साली पुण्यात आले. तिथे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचे नमुने कपाटांत लावून ठेवलेले आहेत. संशोधनाची पहिली पायरी तीच, की हे झाड नक्की कोणते. पुढे ते सावलीत वाळवणे, दळणे, अल्कोहोलात भिजवून अर्क काढणे. अर्कात शेकडो द्रव्ये एकत्र असतात. भुकटी भरलेल्या काचेच्या नळीतून तो सोडला की एकेक द्रव्य मागेपुढे होत वेगळे उतरते. मग प्रत्येकाची परीक्षा पेशींवर, नंतर जनावरांवर, शेवटी माणसांवर. बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात.

आता काढ्याची गोष्ट. दोन पावसाळ्यांपूर्वी भातपिकाच्या पाहणीला मावळपट्टीतल्या एका गावी गेलो होतो. काम झाल्यावर एका घरी चहाला बसलो. घरच्या वहिनींना आतड्याचा कॅन्सर, पुण्याला उपचार चालू. चुलीवर पातेल्यात साल उकळत होती. मी विचारले, "आबा, हे काय?" म्हातारबा म्हणाले, "नरक्याची साल हाय सायेब. रेडिओवर तुमीच बोल्ला व्हता की."

मला घाम फुटला. मी बोललो होतो ते औषध नरक्यापासून निघते एवढेच, आणि त्यांनी ऐकले ते नरक्या म्हणजे औषध. दवाखान्याचे कागद मागितले. सलाईनमधून जे औषध चालू होते त्याचे नाव इरिनोटेकॅन. म्हणजे घरात काढा आणि दवाखान्यात सलाईन, दोन्हींचे मूळ एकच! वहिनींना आठवडाभर जुलाब होत होते. इरिनोटेकॅननेही जुलाब होतात, त्यामुळे हे औषधाचे की काढ्याचे ते कोणाला कळणार? डॉक्टरांना काढ्याबद्दल कोणी सांगितलेच नव्हते. "रागावतील म्हणून न्हाई सांगितलं," वहिनी म्हणाल्या. मी त्यांच्या मुलाला दुसऱ्याच दिवशी सालीचा तुकडा घेऊन दवाखान्यात पाठवले. डॉक्टर रागावले नाहीत, उलट पुढचा डोस ठरवायला त्यांना त्याचा उपयोग झाला. तेव्हापासून रेडिओवर बोलताना मी शब्द मोजून वापरतो.

काढ्यात नेमके किती द्रव्य उतरले हे कोणालाच सांगता येत नाही. दवाखान्यात ते रोग्याच्या उंची-वजनाचा हिशोब करून, रक्त तपासून, मिलिग्रॅममध्ये देतात. आपल्या दारची सदाफुली घ्या. तिच्यातूनही व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही कॅन्सरची दोन औषधे निघतात, आणि साखरेसाठी म्हणून तिची पाने चावणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये.

व्यापाऱ्याचे म्हणाल तर कोकणात आणि कोल्हापूरकडे नरक्याची चोरटी तोड वनखात्याने वेळोवेळी पकडली आहे. हजारात दोन-तीन भाग मिळवायचे तर ट्रकच्या ट्रक लाकूड लागते, आणि मुळात द्रव्य जास्त म्हणून झाड मुळासकट उपटतात. कितीतरी रानांतून ते दिसेनासे झाले आहे. वरून तोडलेले झाड पुन्हा फुटते, उपटलेले गेले ते गेलेच. झाड आपल्या मालकीच्या रानात असले तरी तोडीची आणि वाहतुकीची परवानगी वनखात्याकडे विचारल्याशिवाय हात लावू नये. ट्रक पकडला गेला की व्यापारी सापडत नाही, सातबाऱ्यावरचे नाव सापडते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे अशा मालाच्या धंद्यातल्या नफ्याचा काही वाटा स्थानिकांकडे यावा अशी तरतूद आहे. आपल्या ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती कागदावर आहे की खरोखर बसते, ते एकदा विचारून पाहावे.

लावायचेच असेल तर अवश्य लावा, पण नगदी पीक म्हणून नव्हे. वर्षांनुवर्षे वाढणारे झाड आहे, हमीचा बाजार नाही. बांधाला, ओढ्याकाठी, इतर झाडांच्या सावलीत ते बरे येते. पिकलेल्या फळाचा गर धुऊन ताजे बी सावलीतल्या वाफ्यात टाकावे. उगवण सावकाश होते, महिनाभर काही दिसले नाही म्हणून वाफा मोडू नये.

झाड नरक्याच आहे का अशी शंका असेल तर आमच्या कार्यालयात नुसते पान पाठवू नका, पानावरून आम्हीही फसतो. फुलांसह किंवा फळांसह वीतभर फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावी. सोबत चिठ्ठीवर गाव, शिवाराचे नाव आणि फांदी तोडल्याची तारीख लिहावी. पाकिटात ओली फांदी घालू नये, ती वाटेतच कुजते.