दोषी कोण? सीडी की ड्राइव्ह?

मुलांनो, हल्ली बहुतेक नव्या संगणकांत सीडी-ड्राइव्ह नसतोच. पण शाळेत किंवा घरी एखादा जुना संगणक असतो. त्यात नव्याने प्रणाली भरायला कुणीतरी सीडी 'राइट' करून देतं. काम अर्ध्यावर अडतं आणि मोठी माणसं म्हणतात, "द्या भंगारात!" थांबा! आधी थोडी चौकशी करू या.

सीडी बाजारात आली १९८२ साली. रुंदी फक्त १२ सेंटीमीटर, पण तिच्यावरची माहितीची गोल गोल रेघ उलगडली, तर पाच किलोमीटरहून लांब भरेल! ही रेघ मधून सुरू होऊन कडेकडे जाते. कारखान्यातल्या सीडीवर बारीक खळगे असतात. राइट केलेल्या सीडीत रंगाचा थर असतो; लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. ड्राइव्हमधला लेसर परतणाऱ्या उजेडावरून त्या वाचतो.

आता तपास.

पहिली पायरी : सीडी दुसऱ्या संगणकात घाला. तिथेही अडली, तर संशय सीडीवर. तिथे चालली, तर ड्राइव्हवर.

दुसरी पायरी : सीडी उघडून पाहा. आत '.आयएसओ' नावाची एकच मोठी फाइल दिसते का? मग ती नुसती उतरवली गेली आहे. अशा सीडीवरून संगणक सुरू होत नाही. 'इमेज' म्हणून पुन्हा राइट करा, तीही कमी वेगाने. नंतर 'व्हेरिफाय' करायला विसरू नका. वजाबाकीचा ताळा बेरजेने करतो ना, तसंच हे!

तिसरी पायरी : सीडी मऊ, कोरड्या कापडाने पुसा. पण गोल गोल नाही, मधून कडेकडे सरळ. आडवा ओरखडा रेघेचा जरासाच भाग तोडतो, तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः सुधारतो. रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग माहिती बुडवतो. आणि बरं का, नाव लिहितो ती बाजू जास्त नाजूक! माहितीचा थर तिच्या अगदी खाली असतो.

खरी मेख पुढेच आहे. कारखान्यातली सीडी चालली, म्हणून ड्राइव्ह निर्दोष ठरत नाही. राइट केलेली सीडी उजेड थोडा कमी परतवते. भिंगावर धूळ बसली किंवा लेसर थकला, की ड्राइव्ह आधी तिथेच अडखळतो. म्हणून राइट केलेल्या दोन-तीन वेगळ्या सीडी घालून पाहा. सगळ्याच अडल्या, तर ड्राइव्ह बदला. अख्खा संगणक नव्हे!

ड्राइव्ह उघडून आत डोकावू मात्र नका. त्याचा लेसर डोळ्यांना घातक असतो, आणि सीडीचा तर नीट दिसतही नाही.

आणि आईबाबांनो, लग्नाचे, बारशाचे फोटो अशाच सीडींवर असतील, तर त्यांची दुसरी प्रत आजच काढा. रंगाचा थर वर्षांनुवर्षांत विरत जातो, आणि विरलेला फोटो कुठलाही ड्राइव्ह परत देत नाही.