डीबगर आणि वगळलेली मॉड्यूले : स्वयंचलित चाचणीचा एक प्रश्न

भायखळ्याहून दादरकडे निघालेली जलद लोकल चिंचपोकळी व करी रोड येथे थांबत नाही. परंतु ती स्थानके ओलांडल्यावाचून तिला दादर गाठता येत नाही. आज्ञावलीतील दोष शोधण्यास साहाय्य करणारा डीबगर स्टँडर्ड लायब्ररीतील एखादे मॉड्यूल 'वगळतो' तेव्हा असेच घडते. त्या मॉड्यूलातील आज्ञा यथाक्रम पार पडतात. डीबगर मात्र तेथे थांबत नाही.

पायथन भाषेच्या पीडीबी या डीबगरमध्ये ही सोय २००९ साली, ३.१ या आवृत्तीत आली. वगळावयाच्या मॉड्यूलांच्या नावांचे नमुने 'स्किप' या यादीत द्यावयाचे असतात. या सोयीची चाचणी पायथनच्या चाचणीसंचात आहे. तीत 'स्ट्रिंग' मॉड्यूलातील 'कॅपवर्ड्स' हे फंक्शन वापरले आहे. 'स्टेप' ही आज्ञा माणसाऐवजी चाचणीच पुरविते आणि डीबगरने छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी अक्षरशः ताडून पाहिला जातो.

येथे फंक्शनाची निवड महत्त्वाची ठरते. पीडीबीचा आधार असलेली 'सेटट्रेस' ही यंत्रणा पायथनमध्ये लिहिलेल्या फंक्शनातील प्रवेशाची वर्दी देते. सी भाषेत लिहिलेल्या 'लेन'सारख्या फंक्शनाची देत नाही. त्यामुळे 'लेन' घेऊन चाचणी रचली असती, तर वगळण्याची सोय पूर्णपणे बिघडली असतानाही ती उत्तीर्ण झाली असती. 'कॅपवर्ड्स' पायथनमध्येच लिहिलेले असल्याने तेथे न थांबणे हा खरा पुरावा होतो.

तथापि एवढ्याने काम भागत नाही. वगळलेले मॉड्यूल कधी कधी वापरणाऱ्याच्याच फंक्शनाला उलट हाक घालते. दोष तेथेच असण्याचा संभव असल्याने डीबगरने तेथे थांबलेच पाहिजे. याकरिता चाचणीसंचात स्वतंत्र चाचणी आहे. तिच्यासाठी एक कृत्रिम मॉड्यूल तयार करून त्याच्याकडून अशी उलट हाक घालविली जाते.

नावांच्या नमुन्यातही एक धोका संभवतो. 'स्ट्रि'ने आरंभ होणारी सर्व मॉड्यूले वगळावीत असे सांगितल्यास, तशाच नावाचे अभ्यासकाचे स्वतःचे मॉड्यूलही निमूटपणे दृष्टीआड होते. डीबगर आपले काम चोख करतो. दोष मात्र सापडत नाही.

तात्पर्य, अशा चाचणीने दोन गोष्टी सिद्ध केल्या पाहिजेत : जेथे थांबावयाचे नाही तेथे डीबगर थांबला नाही, आणि जेथे थांबावयाचे तेथे थांबला. पहिलीच तपासली, तर कोठेच न थांबणारा डीबगरही निर्दोष ठरेल.