दाब मोजल्याशिवाय स्क्रू फिरवू नका

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. अर्धा तास पळवून पेट्रोल पंपावर पाच-दहा मिनिटं उभी केली, की मात्र हटून बसायची. बॅटरी मान टाकेपर्यंत सेल्फ मारायचा, उपयोग शून्य. इंजिन पुरतं निवलं की पुन्हा जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू! स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या मित्राची ही १९८० सालची, युरोपीय बाजारासाठी बनलेली पोर्श ९११ एससी. माझ्याकडे आली तोवर तिने दोन गॅरेजं पाहिली होती. नवा पंप बसला होता, इंजेक्टर साफ झाले होते, मिक्श्चरचा स्क्रू कितीदा फिरला होता त्याची गणती नव्हती. दुखणं जागच्या जागी.

या गाड्यांच्या वाट्याला हे फार वेळा येतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा तेच ते गैरसमज असतात.

पहिला समज असा, की इंजेक्शन म्हटलं की कॉम्प्युटर आलाच; स्कॅनर जोडा, कोड वाचा. या ९११ मध्ये स्कॅनर जोडायला जागाच नाही. बॉशची के-जेट्रॉनिक प्रणाली १९७३ मध्ये आली. ‘के’ म्हणजे जर्मनमधलं ‘कोन्टिन्युइर्लिश’, अर्थात अखंड. इंजिन चालू असेतो इंजेक्टर सतत फवारत राहतात. त्यांना वीज लागत नाही, दाब लागतो. आत येणारी हवा एक गोल चकती उचलते. चकतीच्या दांड्याने पेट्रोल वाटणाऱ्या वितरकातला प्लंजर वर सरकतो आणि त्याच्या बारीक फटींमधून सहाही सिलिंडरांना पेट्रोल जातं. हवा जास्त, तर चकती जास्त वर, तर पेट्रोल जास्त. इतकं साधं आणि इतकं देखणं यंत्र आहे हे. अमेरिकेत गेलेल्या १९८० पासूनच्या एससींना ऑक्सिजन सेन्सर आणि छोटा नियंत्रक मिळाला, पण गाभा यांत्रिकच राहिला. ९११ मध्ये खरा कॉम्प्युटर आला तो १९८४ च्या कॅरेरा ३.२ बरोबर. ९११ टर्बो तर १९९४ पर्यंत के-जेट्रॉनिकवरच धावली.

म्हणून इथे निदानाचं हत्यार एकच: झडप असलेलं प्रेशर गेज, वितरक आणि वॉर्म-अप रेग्युलेटर यांच्यामधल्या नळीत जोडलेलं. झडप बंद केली की मुख्य दाब दिसतो. एससीत तो साधारण ४.५ ते ५.२ बार असावा. झडप उघडली की नियंत्रण दाब दिसतो. हा दाब प्लंजरला वरून दाबून धरतो. तो कमी असेल तर तेवढ्याच हवेत चकती जास्त उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. गार इंजिनला हा दाब कमी लागतो, आणि रेग्युलेटरमधली द्विधातू पट्टी तापत जाते तसा तो चढत जातो. पट्टीला तापवणाऱ्या वायरचा कनेक्टर सैल असला, तरी दाब चढायला उशीर होतो आणि गाडी काळा धूर टाकते. एका सैल कनेक्टरपायी लोक अख्खा रेग्युलेटर बदलतात, हे पाहून जीव तुटतो. नेमके आकडे रेग्युलेटरच्या भाग क्रमांकावर आणि तापमानावर ठरतात. ते कार्यशाळेच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत, ऐकीव नकोत.

‘गरम असताना सुरू होत नाही, म्हणजे पंप गेला’ हा दुसरा समज. मित्राने याच समजापायी पैसे घातले. खरं तर पंप बंद झाल्यावर काय होतं ते पाहायला हवं. किल्ली काढली तरी नळ्यांमध्ये काही दाब टिकून राहिला पाहिजे, कारण दाबाखालचं पेट्रोल गरम इंजिनजवळही सहजी उकळत नाही. दाब उतरला की नळ्यांत वाफ होते, आणि इंजेक्टरांतून पेट्रोलऐवजी फुसफुस बाहेर येते. हा दाब राखायचं काम पंपाच्या उलटझडपेचं आणि अॅक्युम्युलेटरचं. अॅक्युम्युलेटर म्हणजे एक छोटा डबा, आत पडदा आणि पडद्यामागे स्प्रिंग. गळका इंजेक्टर किंवा कोल्ड-स्टार्ट व्हॉल्व्हही दाब घालवू शकतो. आम्ही इंजिन बंद करून घड्याळ लावलं. तीन मिनिटांत काटा तळाला! पंप नवा, म्हणजे त्याची झडपही नवी. मग अॅक्युम्युलेटरच्या मागची, एरवी कोरडी असायला हवी ती नळी सोडवली. तिच्यातून पेट्रोल ठिबकत होतं. पडदा फाटला होता.

तिसरा समज सगळ्यांत घातक: ‘स्क्रू जरासा फिरवला की जमतं’. वितरक आणि चकती यांच्यामध्ये ३ मिलिमीटरच्या अॅलन कीने फिरणारा हा स्क्रू आहे. पाव फेराही त्याला फार होतो. तो सगळ्यांत शेवटी, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड मोजत मोजत फिरवायचा. त्याआधी वाल्वचं क्लिअरन्स, प्लग, इग्निशन टायमिंग, सगळे दाब, आणि मुख्य म्हणजे हवेची गळती. चकतीला चुकवून आत शिरलेली हवा मोजलीच जात नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिन मिसिंग करतं, आणि माणूस स्क्रू फिरवून ते झाकतो. ९११ मध्ये एक सोपी खूण आहे. हिच्या तेलाच्या टाकीचा श्वास इनटेकला जोडलेला असतो. न्यूट्रलला चालू इंजिनवर तेलाचं झाकण काढा: इंजिन लगेच अडखळलं पाहिजे, बंदही पडेल. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच कुठून तरी शिरते आहे. मग धुराचं यंत्र लावून शोधा. गरम इंजिनवर ज्वालाग्राही स्प्रे मारत बसू नका. पाच बारच्या दाबाच्या नळ्यांशेजारी अग्निशामक हाताशी हवाच.

थंड इंजिनवर ‘फट्’ असा बार होणं म्हणजे जुन्या गाडीची सवय, असंही मानतात. तो बार इनटेकमध्ये होतो आणि प्लास्टिकचा एअरबॉक्स तडकवतो. तिथे बार झाला की उघडणारी पॉप-ऑफ झडप बसवणं शहाणपणाचं. पण बार का होतो हेही शोधायलाच हवं.

इंजेक्टर साफ करायचं औषध टाकीत ओतून फाटलेला पडदा शिवला जात नाही. आणि कंटाळून कार्बोरेटर बसवणाऱ्यांना माझा हात जोडून नकार आहे.

आपल्याकडे अशी गाडी सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे सेन्सर नसलेली ही प्रणाली त्या पेट्रोलवर थोडी लीन चालते. इथेनॉल पाणीही ओढतं, आणि वितरकातल्या त्या बारीक फटींना गंज म्हणजे मरण. जुन्या रबरी नळ्या बदला, गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

नवा अॅक्युम्युलेटर बसवल्यावर आम्ही पुन्हा घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाली, काटा दीड बारच्या वरच होता. मग मिश्रण मोजून, स्क्रू एकदाच, केसभर फिरवला. ऑटोबानवरून फेरी मारून पेट्रोल भरलं, कॉफी घेतली. मित्राने किल्ली फिरवली, आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली.