गाडी दुरुस्त झाली, चालकाचे काय?

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला, गोरव्यात मावसभावाकडे मुक्काम होता. जवळच औद्योगिक वसाहत, त्यामुळे ट्रकच्या भोंग्यांची घराला सवयच. त्या दुपारी मात्र भोंगा आतल्या खोलीत वाजत होता. पुतण्या संगणकावर ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ खेळत होता. वळणावर ट्रक कठड्याला धडकला आणि नुकसानीचा टक्का चढला. पठ्ठ्याने गॅरेज गाठले, पैसे भरले आणि निघाला पुढे!

मागे उभा असलेला मावसभाऊ म्हणाला, "अरे, पत्रा कुठे चेपला?" वीस वर्षे ट्रक चालवलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

प्राग येथील एससीएस कंपनीचा हा खेळ २०१२ साली आला. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, चासी, चाके यांचे नुकसान टक्क्यांत मोजतात. मालाला धक्का लागला तर भाड्यातून रक्कम कापली जाते. पत्रा मात्र वाकत नाही. ती हौस २०१३ साली आलेला ‘बीमएनजी ड्राइव्ह’ भागवतो. त्यात गाडी म्हणजे वजनदार बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या लवचीक दांड्यांचे जाळे. कोणता बिंदू किती सरकला, याचे गणित सेकंदाला दोन हजार वेळा होते. म्हणून खांबाला धडकलेली गाडी खरीखुरी चुरगळते. चालकाची जागा मात्र तिथे सहसा रिकामीच असते!

पुतण्याने मोठ्या उत्साहाने तोही खेळ दाखवला. मावसभाऊ बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कोंडाईबारी घाटात माझी गाडी उलटली होती. उतारावर मोठ्या गिअरात राहिलो, सारखा ब्रेक दाबत गेलो. ड्रम तापले, ब्रेक लागेनात. गाडी महिन्याभरात उभी राहिली. गुडघा अजून पूर्ण बरा नाही."

"पप्पा, हे मला कधी सांगितलं नाहीत?" पोराने खेळ थांबवून विचारले. घाटात गिअर केव्हा उतरवायचा, रचलेला माल सरकला की गाडी कशी ओढते, हे बापलेक रात्रीपर्यंत बोलत बसले.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. त्यांना कोणत्या गॅरेजात नेणार? मुलांच्या हातून खेळ हिसकावून घेऊ नये. पण कधीतरी शेजारी खुर्ची ओढून बसावे. पडद्यावर न दिसणारे नुकसान घरातल्या कुणालातरी ठाऊक असते.