जुना ब्राउझर, जुना फॉन्ट आणि बोलीचा शब्द

कालबाह्य झालेल्या ब्राउझरांसाठी जुन्या तंत्राची सोय चालू ठेवावी, की ती बंद करावी, हा प्रश्न संकेतस्थळ चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा येतो. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे, असे सामान्यतः मानले जाते. मराठीपुरते तरी हे मत ग्राह्य धरता येत नाही; कारण येथे तंत्राच्या प्रश्नात लेखनाचा प्रश्न गुंतलेला आहे.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले होते. तथापि सामान्य संगणकांवर ती व्यवस्था रुळेपर्यंत बरीच वर्षे लोटली. मधल्या काळात रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे अवयव बसविलेले फॉन्ट वापरात आले. वाचकाजवळ तो फॉन्ट नसल्यास पानाबरोबरच तो पाठविण्याची युक्तीही निघाली. परंतु नेटस्केपसाठी एक रूप व इंटरनेट एक्सप्लोररसाठी दुसरे, असा दुहेरी खटाटोप करावा लागे. पुढे नेटस्केप मागे पडला, आणि विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरील इंटरनेट एक्सप्लोररचा आधारही १५ जून २०२२ रोजी संपला.

बीड जिल्ह्यातील नेकनूर व आसपासच्या वस्त्यांतून प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत बोलीचे काही शब्द टिपले होते. ते अशाच फॉन्टमध्ये टंकित होऊन एका संकेतस्थळावर गेले. आज ते पान उघडले असता रोमन अक्षरांची निरर्थक रांग तेवढी दिसते. ज्यांच्या तोंडून ते शब्द ऐकले, त्यांपैकी काही वृद्ध आज हयात नाहीत.

मग जुन्या ब्राउझराची सोय टिकविली असती, तर हे शब्द वाचले असते काय? काही काळ दिसले असते, इतकेच. यंत्राच्या लेखी ते तेव्हाही मराठी नव्हतेच. म्हणून ते शोधता येत नव्हते व त्यांची अनुक्रमणीही होत नव्हती. यास्तव टिकवावयाची ती संहिता, तिचे वाहन नव्हे.

परंतु संहितेचे रूपांतरही डोळसपणे व्हावयास हवे. ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास, व ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस. रूपांतराच्या सारणीत पहिल्या शब्दातील अर्धा ‘ऱ’ साधा ‘र्’ मानला गेला, की आचारी क्षणात आचार्य होतो! बोलीच्या नोंदीत अशी चूक सहसा लक्षातही येत नाही, कारण पडताळ्यासाठी छापील कोश उपलब्ध नसतो. या बाबतीत युनिकोडचा पायंडा उद्बोधक आहे. हा ‘र’ लिहिण्याची आजची रीत ‘ऱ’ या अक्षरावर आधारलेली आहे. तथापि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह ही जुनी रीतही, पूर्वीचे लेखन वाचता यावे म्हणून, मान्य ठेवलेली आहे.

यावरून निर्णयाचे सूत्र हाती येते. जुन्या रीतीने नवे लेखन करू नये. जुने लेखन मात्र वाचता आलेच पाहिजे. विभागांनी जुन्या ब्राउझरांसाठी पानांच्या दुहेरी आवृत्त्या राखण्यात श्रम वेचू नयेत. संहिता युनिकोडमध्ये आणावी, जाणकाराकडून ती शब्दशः तपासून घ्यावी, आणि मूळ फाइल व तिचा फॉन्ट दोन्ही जतन करावेत. सारणीतील चूक उद्या उघडकीस आली, तर दुरुस्तीस आधार तेवढाच उरणार आहे. नेकनूरचे ते वृद्ध पुन्हा भेटणार नाहीत.