वंशावळीत मी कुठं हाय?

"आमचं घराणं मोठं हो!" नांदेड-लातूरकडच्या लग्नाच्या बैठकीत हे वाक्य चहाच्या आधी येतं. मग पाटीलकी निघते, देशमुखी निघते, वाड्याच्या भिंतींची रुंदी निघते. लातूरची मंडळी तर आणखी मागं जातात. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूर नगरीचे स्वामी म्हणवून घेत, ते लत्तलूर म्हणजे आपलं लातूर. म्हणजे वेरूळचं कैलास लेणंसुद्धा आमच्याच माणसांचं! ऐकायला छान वाटतं. माझं माहेर औसा तालुक्यातलं, त्यामुळं मलाही वाटतं. पण तिथं छिन्नी धरून राबलेल्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

२०२३ मध्ये मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि घरोघरी वंशावळी लिहिल्या जाऊ लागल्या. आमच्या नांदेडच्या घरीही मामंजींनी कागद काढला. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा... सहा पिढ्या झाल्या. आत्याबाई शेजारीच गहू निवडत होत्या.

"ह्याच्यात मी कुठं हाय?"

मामंजी हसले. "वंशावळीत बाया नसतात."

"मग एवढी लेकरं काय झाडाला लागली का वो?"

त्या दुपारी आम्ही दोघी नावं आठवत बसलो. आत्याबाईंना सासूचं नाव आलं, आजेसासूचं आलं. त्याच्या मागं एक नुसतीच 'कंधारवाली'. लग्नात तिचं नाव बदललं असणार, आणि नवं नावही कुणी घेतलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लिहायचं, असं शासनानं ठरवलंय. लेकरांचं भलं झालं, पण कंधारवालीचं काय?

बरं, हा घराण्याचा अभिमान फुकटही नसतो, मैत्रिणींनो. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये लग्न न झालेल्या मुलींना, आणि केंद्रानं २००५ मध्ये सगळ्याच मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. वडील गेले की सातबाऱ्यावर आपलं नाव चढतं. आणि वर्षश्राद्धाच्या आत हक्कसोडपत्र पुढं येतं. "आपल्या घराण्यात बहिणी वाटा मागत नसतात, ताई." वंशावळीत नाव नाही, पण घराण्याची अब्रू राखायला मात्र सही आपली! माहेर तुटू नये म्हणून किती जणींनी ती केली असेल...

हा अभिमान मला पटत नाही. पण मागच्यांचा अभिमान बाळगूच नये, असंही म्हणवत नाही. वारसा रक्तानंच चालतो असं थोडंच आहे? आमच्या नांदेडातच १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गुरुगादी कुण्या माणसाला न देता ग्रंथाला दिली.

माझ्या माहेरच्या वाड्याच्या भिंती दोन हात रुंद होत्या. दगड आणि माती, वर माळवद. भिंत जितकी जाड तितकं घर तालेवार, असा हिशेब. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली. आमचाही वाडा बसला. माणसं वाचली, कारण सगळे अंगणात निजले होते.

माझी मावशी चौथी शिकलेली. भूकंपानंतर घरं मजबूत करायच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायांना 'संवाद सहायक' म्हणून घेतलं, त्यात ती होती. भिंतीत आरपार दगड कुठं बसवायचा, काँक्रीटचा पट्टा कुठून फिरवायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे ती शिकली आणि दुसऱ्या बायांना शिकवलं. सुरुवातीला गवंडी हसायचे. नंतर "मावशी, जरा बघा बरं" म्हणून हाका मारायला लागले.

तिचं नाव माहेरच्या वंशावळीत नाही, सासरच्याही नाही. पण तिची नात नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. पाव्हणे आले की ती पाटीलकीचं काही सांगत नाही, आजीचं सांगते. मावशी लाजते, "काय सांगत बसतीस गं!" म्हणते. आणि मग स्वतःच सुरू होते, कोणत्या गावात कुणाचं माळवद पहिल्यांदा हलकं केलं, आणि त्या घरच्या म्हातारीनं तिला किती शिव्या दिल्या.